गावातल्या दगडी इमारतीची खाण कशी शोधावी : बेळगाव परिसरासाठी सविस्तर मार्गदर्शन

गावातलं जुनं देऊळ, वाडा, विहीर किंवा शाळा कुठल्या दगडात बांधली आहे हे ओळखता आलं, की त्याची खाण निम्मी सापडल्यासारखी असते. उरलेल्या निम्म्यासाठी पायपीट करावी लागते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, सौंदत्ती या पट्ट्यात ही पायपीट वाया जात नाही. एका दिवसाच्या प्रवासात इथे दगडाच्या चार वेगवेगळ्या जाती लागतात, त्यामुळे दगड पाहून दिशा ठरवता येते.

हे काम आत्ताच करायला हवं. जुन्या खाणींमध्ये भराव टाकून प्लॉट पाडले जात आहेत आणि दगडी भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढतो आहे. दोन्ही झाकलं गेलं की कुठला दगड कुठून आला हे सांगणारं कुणी राहणार नाही.

सामान फार लागत नाही. फुटांची टेप, दहा पटींचं भिंग, दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक, लोखंडी खिळा, पाण्याची बाटली, एक लिंबू, वही आणि मोबाइल एवढं पुरतं.

पहिली पायरी : इमारत निवडा

किल्ल्यापासून सुरुवात करू नका. किल्ल्याच्या तटात चार राजवटींचे दगड मिसळलेले असतात आणि नवखा माणूस त्यात हरवतो. गावातलं एखादं घर, विहीर, पार किंवा छोटं देऊळ घ्या. बांधकामाचं साल माहीत असेल तर फारच चांगलं. चौकटीवरच्या दगडात किंवा विहिरीच्या आतल्या अंगाला पुष्कळदा शक कोरलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. शके १८०२ म्हणजे साधारण १८८०.

दगड इमारतीपेक्षा जुना असू शकतो, हेही पहिल्यापासून लक्षात ठेवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या साफा मशिदीत दोन खांबांवर जुने कन्नड लेख आहेत, त्यातला एक रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या काळचा. मशीद सोळाव्या शतकातली, खांब त्याच्या कितीतरी आधीचे. तुमच्या घराच्या जोत्यातही असं असू शकतं. नक्षी उलटी बसलेली, एखाद्याच दगडाला खाच किंवा कुसू (खाचेत बसणारा खुंट) असलेला, मापं एकमेकांशी न जुळणारी, असं दिसलं तर तो दगड खाणीतून थेट आलेला नाही असं धरून चाला.

दुसरी पायरी : आपल्या भागाचा दगडांचा नकाशा डोक्यात बसवा

उत्तरेला आणि पश्चिमेला, म्हणजे निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी आणि बेळगाव शहराच्या आसपास, काळा दगड. हा दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बेळगाव म्हणजे या लाव्हाच्या थरांचं जवळपास दक्षिणेकडचं टोक. इथून पुढे दक्षिणेला आणि पूर्वेला गेलं की लाव्हा संपतो आणि त्याच्या खालचे फार जुने खडक वर येतात.

या काळ्या दगडाच्या डोक्यावर, विशेषतः बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत, जांभ्याची टोपी आहे. भरपूर पावसानं खडकातलं बाकीचं सगळं धुऊन जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा जांभा. सह्याद्रीच्या माथ्यावर त्यात ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढतं आणि बॉक्साइट मिळतं. बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना आला तो यामुळे.

पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग भागात वालुकाश्म आणि त्याहून कठीण क्वार्टझाइट. गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा याच दगडाच्या कड्यावरून पडतो आणि सौंदत्तीजवळ मलप्रभा नविलुतीर्थला अशाच डोंगराच्या खिंडीतून वाट काढते. भूगर्भशास्त्रात या सगळ्या खडकांना कलादगी आणि बदामी ही नावं आहेत, दोन्ही शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या गावांची.

चौथा दगड कित्तूर, बैलहोंगल आणि धारवाडकडच्या बाजूचा : करडा-हिरवट, बारीक कणांचा शिस्ट. यातल्या मऊ जातीवर खिळ्यानं ओरखडा उठतो. कोरीव कामासाठी कारागीर हाच दगड निवडत. पट्टदकल-ऐहोळेची देवळं वालुकाश्मात आहेत, पण १०५० च्या सुमारास अण्णिगेरीचं अमृतेश्वर देऊळ मऊ दगडात बांधलं गेलं आणि पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात तीच रीत रुळली. चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत गोल खांब आणि बोटभर जाडीची जाळी या दगडातच जमते. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण मंदिर किंवा बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती पाहायला गेलात, तर खांब आणि बाहेरच्या भिंती यांचा दगड वेगवेगळा पाहा. कमल बस्तीच्या छताला ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ टांगलेलं आहे. कुठल्या दगडात एवढं कोरता येईल याचा विचार तिथे उभं राहूनच करावा.

शहाबादी फरशी आणि कडप्पा या यादीत नाहीत. घराघरांत दिसतात, पण शहाबादी कलबुर्गी जिल्ह्यातून आणि कडप्पा आंध्रातून येतो. इळकलचा लाल ग्रॅनाइटही तसाच बाहेरचा. जुन्या भिंतीच्या शोधात हे तिन्ही बाजूला ठेवा.

बारकाव्यासाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर नकाशे फुकट पाहता येतात. तुमचं गाव शोधा आणि भोवतालच्या दहा किलोमीटरमध्ये कुठला खडक दाखवला आहे ते वहीत उतरवून घ्या.

तिसरी पायरी : दगड हातात घेऊन ओळखा

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूला यातली एकही चाचणी करायची नाही, तिथे फक्त डोळे आणि भिंग. गावातल्या देवळातही मूर्ती आणि कोरीव भाग सोडून द्या. चाचणीसाठी भिंतीच्या पायथ्याशी पडलेला सुटा तुकडा घ्या.

तुकडा ओला करा. सुक्या दगडावर धूळ आणि शेवाळ असतं, पाण्यानं खरा रंग उमटतो. काळा किंवा निळसर काळा आणि कण डोळ्यांना न दिसणारा असेल तर बेसाल्ट समजा. त्यात बारीक पोकळ्या असतील आणि त्या पांढऱ्या खनिजानं भरलेल्या असतील तर शंकाच नको. दोऱ्याला टांगलेलं चुंबक बेसाल्टजवळ नेलं की किंचित ओढलं जातं, कारण त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं. वालुकाश्माजवळ ते हलत नाही.

आता खिळा. शिस्टवर पांढरी रेघ उठते आणि भुकटी निघते. बेसाल्टवर जेमतेम. क्वार्टझाइटवर उलट खिळ्याचाच धातू घासला जाऊन चकचकीत रेघ राहते, आणि त्याचा कोपरा काचेवर ओरखडा काढतो. वालुकाश्म भिंगाखाली धरला तर वाळूचे कण वेगवेगळे दिसतात. पाण्याच्या लाटांचे ठसे किंवा तिरपे थर दिसले तर तो फोटो नक्की काढा, खाण जुळवताना तो उपयोगी पडतो.

लिंबू लागतं ते चुनखडीसाठी. रामदुर्ग आणि लोकापूरच्या बाजूला कलादगीच्या थरांत चुनखडीही आहे. दगडाची भुकटी करून त्यावर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर चुनखडी. सांध्यातल्या चुन्यालाही फेस येतो, तेव्हा भुकटी दगडाचीच आहे ना ते पाहून घ्या.

जांभ्याला चाचणी लागत नाही, तो लांबूनच कळतो. पण त्याच्याबद्दल एक गोष्ट कळली की भिंती वेगळ्या दिसू लागतात. फ्रान्सिस बुकानन यानं मलबारात अंगडिपुरम इथे हा दगड पाहून १८०७ साली त्याचं वर्णन छापलं आणि ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. जमिनीत असताना जांभा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीनं कापता येतो आणि उघड्यावर वाळला की कठीण होतो. त्यामुळे चिरे काढून लगेच भिंतीत घालत नसत; ते उन्हात रचून ठेवत, पावसात टिकलेले निवडत आणि चुरणारे बाजूला काढत. जुन्या भिंतीतला चिरा आजच्या मशीनच्या चिऱ्यापेक्षा जास्त टिकलेला दिसतो, त्याचं कारण बरंचसं या निवडीत आहे.

चौथी पायरी : घावांच्या खुणा वाचा

ही पायरी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा. ऊन तिरपं असलं की टाकीचे घाव उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते.

हातानं काढलेल्या चिऱ्यावर तिरप्या, समांतर खाचा असतात. खोदणारा चिऱ्याभोवती चर मारत जातो आणि शेवटी खालून उचकटतो, म्हणून एका बाजूच्या खाचा स्वच्छ आणि खालची बाजू ओबडधोबड असते. मशीनचा चिरा सपाट असतो आणि त्यावर गोल करवतीच्या कमानीसारख्या बारीक रेघा असतात. अशा रेघांची भिंत गेल्या काही दशकांतली.

काळ्या दगडाच्या कडेला दोन-तीन बोटं रुंद, चौकोनी खाचांची रांग दिसली तर दगड पाचरी ठोकून फोडलेला आहे. त्याऐवजी गोल भोकाची अर्धी नळी दिसली तर तिथे सुरुंग वापरला. १८८० च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेचं काम सुरू झालं आणि मोऱ्या-पुलांसाठी दगड मोठ्या प्रमाणावर फोडला गेला; रुळाच्या कडेच्या जुन्या मोऱ्या बाहेरून पाहिल्या तर घडीव दगडाची रीत कशी बदलली ते कळतं. रुळावर मात्र उतरू नका.

दगडाची मागची, न घडवलेली बाजूही पाहायला मिळाली तर सोडू नका. पडकी भिंत असेल तर ती दिसते. मागची बाजू गोलसर, पिवळट आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटणारी असेल तर तो दगड खाणीतला नाही, शेतातला गुंडा, म्हणजे सुटा गोलसर दगड आहे. चिकोडी-हुक्केरीकडच्या बऱ्याच घरांची जोती अशाच, शेत साफ करताना निघालेल्या गुंड्यांची आहेत. अशा घराची खाण शोधत हिंडू नका. कुठल्या शेतातले गुंडे ते विचारा.

पाचवी पायरी : दगडाचा हिशेब मांडा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. समजा ४० फूट लांब, १० फूट उंच, दीड फूट जाड अशी भिंत आहे. ४० गुणिले १० गुणिले दीड म्हणजे ६०० घनफूट, म्हणजे ६ ब्रास (१०० घनफुटांचा एक ब्रास). बेसाल्टचा एक घनमीटर सुमारे २.९ टन भरतो. सांधे आणि मधली भर वजा केली तरी ही एक भिंत चाळीस टनांच्या आसपास जाते. बैलगाडीत अर्धा ते एक टन दगड धरला, तर एका भिंतीसाठी चाळीस ते ऐंशी खेपा. चार भिंतींसाठी दीडशेच्या पुढे, कदाचित तीनशे.

एवढ्या खेपा कुणी लांबून करत नाही. म्हणून साध्या घराची खाण आधी शिवारातच शोधायची, गाडी दिवसातून निदान दोन-तीन फेऱ्या करील एवढ्या अंतरात. कोरीव खांब किंवा मूर्ती मात्र लांबूनही येते, तिथे हा हिशेब लावू नका.

हाच हिशेब खाणीचा आकारही सांगतो. ६ ब्रास चांगला दगड काढताना फुटलेला, टाकाऊ दगड तेवढाच निघाला असं धरलं तर १२ ब्रासचा खड्डा हवा. म्हणजे २० फूट लांब, २० फूट रुंद आणि फक्त ३ फूट खोल. चार भिंती धरल्या तरी तो एका छोट्या शेततळ्यापेक्षा लहानच. प्रचंड खाण शोधत फिरणाऱ्याला हा खड्डा दिसत नाही. आज तिथे करवंदाची जाळी किंवा म्हशी डुंबणारं डबकं असतं.

आणि कधी कधी खाण इमारतीला खेटूनच असते. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक मऊ तांबड्या दगडात खोदलेला आहे. खंदक खणताना निघालेला दगड कुणी फेकून देत नसे. गावातल्या मोठ्या विहिरीचंही तसंच पाहा : विहिरीतून निघालेला दगड शेजारच्या देवळात किंवा पारात लागला आहे का?

सहावी पायरी : माणसं आणि कागद

पहिल्यांदा म्हाताऱ्या गवंड्यांकडे जा आणि वडार वस्तीत जा. या मुलखातला बहुतेक दगड वडारांनी फोडला, पाथरवटांनी घडवला, आणि इतिहासात त्यांची नावं क्वचितच आली. बसून, चहा घेऊन, निवांत विचारा. “दगड कुठला?” असं विचारलं तर “हितलाच की वो” एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी “गाड्या कुठल्या वाटेनं यायच्या?”, “चढ लागायचा का?”, “मजुरी ब्रासवर होती की दिवसावर?” असं विचारा, वाट सांगता सांगता खाणीचा पत्ता येतो. सौंदत्ती-रामदुर्गकडे कन्नड येणारा सोबती घ्या. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव वहीत लिहिण्याआधी त्यांना विचारा.

कागदांमध्ये शेतांची आणि माळांची नावं पाहा. खाणीचा माळ, चिऱ्याची पट्टी, दगडी खण अशी नावं सर्व्हे नंबरपेक्षा जास्त बोलकी असतात. पहाणीत (जमिनीच्या उताऱ्यात) खराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून दाखवलेला तुकडा पिकाच्या जमिनीच्या मधोमध असेल तर तो जाऊन बघाच. तलाठ्याकडच्या गावनकाशावर तो सापडतो.

जुने कागद कुठे आहेत हे गाव पूर्वी कुणाचं होतं त्यावर ठरतं. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि आधीचं बरंच दप्तर मराठीत, जुनं असेल तर मोडी लिपीत आहे. शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात. संस्थानी गावांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. १८८४ च्या बेळगाव गॅझेटिअरमध्ये तालुक्यांची आणि गावांची माहिती आहे. त्याआधी १८७६ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भावर सविस्तर अहवाल लिहिला. गोकाक-सौंदत्तीकडच्या खडकांसाठी तो आजही वाचण्यासारखा आहे.

सातवी पायरी : खाणीवर जा

शिमग्यापासून मेपर्यंतचा काळ उत्तम. गवत वाळलेलं असतं आणि साठलेलं पाणी खाली गेल्यामुळे दगड काढलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. पावसाळ्यात जाऊच नका.

एकट्यानं जाऊ नका. पाणी भरलेल्या खाणीत उतरू नका, मग ती कितीही उथळ दिसो. काठ सरळ तुटलेला असतो आणि पोहणाऱ्यालाही बाहेर पडायला धर मिळत नाही. चालू खाण असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि सुरुंगाची वेळ विचारून घ्या. खासगी शेत असेल तर शेतकऱ्याला आधी सांगा. आपण सरकारी मोजणीला किंवा खाण बंद करायला आलो आहोत अशी शंका त्याच्या मनात राहू देऊ नका.

तिथे पोहोचल्यावर तीन गोष्टी पाहा. खाणीच्या उभ्या बाजूवर त्याच खाचा आहेत का, ज्या तुम्ही भिंतीत पाहिल्या? तळाशी किंवा काठावर अर्धवट घडवून टाकलेले, कोपरा तुटलेले दगड आहेत का? असे दगड खाणीची खात्री पटवतात, कारण ते कुणी बाहेरून आणून टाकत नाही. आणि तिसरं, त्यांची मापं. भिंतीतल्या वीस दगडांची लांबी-उंची मोजून सरासरी काढा आणि टाकलेल्या दगडांशी ताडून पाहा. जांभ्याच्या खाणीत कठीण थर किती जाडीचा आहे आणि त्याखाली पिवळसर मऊ माती कुठे लागते हेही मोजा; त्या मातीपर्यंत पोचल्यावर खोदणारे थांबून बाजूला सरकत.

आठवी पायरी : जुळवा आणि नोंद करा

भिंतीचा ओला फोटो आणि खाणीतल्या ओल्या तुकड्याचा फोटो एकाच उजेडात, शेजारी टेप ठेवून काढा. रंग, कण, पोकळ्या, घावांच्या खुणा, मापं या पाच गोष्टींपैकी तीन जुळल्या आणि एखाद्या जाणत्या माणसानंही तीच खाण सांगितली, तर ‘बहुधा हीच’ असं लिहा. फक्त दगडाची जात जुळली असेल तर तसंच लिहा. एका जातीचा दगड दहा शिवारांत असतो.

नोंदीत इमारतीचं नाव आणि गाव, खाणीचं मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश, सर्व्हे नंबर, दगडाची जात, कुणी सांगितलं, तारीख आणि फोटो असावेत. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, एक शाळेत. ओपनस्ट्रीटमॅपवर खाणीची जागा मराठी आणि कन्नड दोन्ही नावांनी टाकता येते. संरक्षित स्मारकाच्या शेजारी खोदाई चालू दिसली तर पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाला लेखी कळवा. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम आणि खाणकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

या नोंदीचा सगळ्यांत मोठा उपयोग दुरुस्तीच्या वेळी होतो. गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली सूचना सिमेंटचा गिलावा आणि ग्रॅनाइटची फरशी ही असते. जांभा आणि वालुकाश्म पाणी शोषतात आणि सोडतात. वरून सिमेंट बसलं की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठाखाली साठतात आणि काही पावसाळ्यांत दगडाचा दर्शनी थर सुटतो. देवस्थान समितीपुढे नोंद ठेवा आणि दोन गोष्टी मागा : बदलायचा दगड त्याच खाणीतला किंवा त्याच शिवारात पाडलेल्या जुन्या घराचा घ्यावा, आणि दगडांमधले सांधे चुन्यानं भरावेत. विझवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू किंवा विटांची सुरखी दोन ते तीन भाग. भरण्याआधी सांधा ओला करून घ्या आणि भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा, नाहीतर चुना वरच्यावर सुकून भुगा होतो.